सतराव्या आठवड्यातली खाच

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी सगळं नुसतं बघून घेतो. रंगवलेली शिंगं, गोंडे, घुंगरं, तेल चोळून चकाकवलेलं वशिंड. मग तो पुढे होतो, एका हाताने वेसण धरतो, दुसऱ्या हाताने जबडा उघडतो आणि दात बघतो. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय त्याचा हात व्यापाऱ्याच्या उपरण्याखाली जात नाही. वशिंड लांबून दिसतं. वय कळायला जवळ जावं लागतं.

गेली काही वर्षं मी एका आलेखाकडे असा जवळ जाऊन बघतो आहे. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तात केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांचा बावीस पानांचा निबंध आला. साथीचं गणित मांडणारा हा निबंध पुढे त्या शास्त्राचा पाया ठरला. त्यातल्या एका पानावर लहानसा आलेख आहे आणि तो आहे आपल्या मुंबईचा. मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं मेली त्याचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांमधून गेलेली एक गुळगुळीत रेघ. आडव्या अक्षावर एकतीस आठवडे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. करोनाच्या दिवसांत ‘लाट’ हा शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारला. लाट म्हणजे नेमकं काय, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपली म्हणायची, हे मला कळलं ते या जुन्या चित्रापाशी थांबल्यावर.

लांबून पाहिलं तर आकार फार देखणा आहे. डावीकडून जमिनीला चिकटून येणारी रेघ हळूहळू उचलते, मग झपाट्याने चढते, माथ्यावर गोलावते आणि जशी चढली तशीच उतरते. खिल्लार बैलाचं वशिंड बाजूने पाहावं तसा घाट. ही रेघ तीन आकड्यांवर उभी आहे. ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला आकडा माथ्याची उंची सांगतो, आठवड्याला ८९० मृत्यू. ३.४ ला ०.२ ने भागलं की येतात १७, म्हणजे सतराव्या आठवड्यात माथा, साधारण एप्रिल १९०६ चा मध्य. आणि रेघेखालचं सगळं क्षेत्र मोजलं तर ८,९०० भरतात. नऊ हजारांच्या आसपास माणसांचं मरण तीन आकड्यांत मावलं आहे. हे पहिल्यांदा वहीत मांडून पाहिलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं आणि बराच वेळ उचललं नव्हतं.

आता डावं टोक बघा. पहिल्या आठवड्याचा ठिपका जवळजवळ अक्षावरच बसला आहे. पुढचे दहा, पंधरा, अठरा, एकवीस असे काहीसे. (ठिपक्यांचे आकडे मी आलेखावरून मोजलेले देतो आहे, तेव्हा ते ‘सुमारे’ समजावेत.) पौष पौर्णिमा, आमच्या म्हशाच्या जत्रेचा दिवस, त्या वर्षी १० जानेवारीला होती. म्हणजे चौथा आठवडा, सुमारे अठरा मृत्यू. पावणेदहा लाख वस्तीच्या मुंबईत आठवड्याला अठरा माणसं गेली तर त्याला लाट कोण म्हणेल? त्या आठवड्यात मुंबईहून घाटाखाली जनावरांच्या बाजाराला निघालेल्या माणसाला साथ जोरात आहे असं कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. पण पुढचे ठिपके बघितले की दिसतं, सहाव्या आठवड्यापासून मृत्यू साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत गेले. एकतीस, मग पन्नास, मग शंभराच्या जवळ, मग पावणेदोनशेच्या पुढे, मग तीनशे.

लाटेची जी व्याख्या आज काही साथरोगतज्ज्ञ वापरतात तिचं मूळ इथेच आहे. एका रोग्यामागे सरासरी किती नवे रोगी तयार होतात तो आकडा बघायचा. तो एकाच्या ठळकपणे वर गेला आणि काही काळ वर टिकला की लाट चढते आहे. एकाच्या खाली येऊन टिकला की ओसरते आहे. रुग्णसंख्या किती आहे हा वेगळा प्रश्न. आठवड्याला अठरा मृत्यू असतानाही लाट चढत असू शकते आणि आठशे असताना ती ओसरत असू शकते. उंची म्हणजे वशिंड, चढ म्हणजे दात.

या आलेखात मला सगळ्यात प्रिय जागा आहे ती माथ्याजवळची. आकाराच्या देखणेपणावर जो भाळतो त्याच्या नजरेतून ती सुटते. रेघ सतराव्या आठवड्यात शांतपणे गोलावते आणि नेमके तिथेच ठिपके तिच्या खाली पडलेले आहेत. सोळाव्या आठवड्याचा ठिपका सुमारे ७७० वर आहे. पुढचे दोन सातशेच्या आसपास उतरतात. मग पुन्हा उसळी, ८६५ च्या पुढे, आणि मग सुमारे ९२५. रेघ उतरायला लागल्यावर ठिपके आपला खरा माथा गाठतात. गणिताचा माथा आणि माणसांच्या मरणाचा माथा यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर आहे, आणि दोघांच्या मध्ये ही खाच.

त्या दोन आठवड्यांत तुम्ही मुंबईत असता तर? आकडा पावणेआठशेवरून सातशेवर आला, दुसऱ्या आठवड्यातही तिथेच राहिला. लोक म्हणाले असते, ओसरली. घरी परतायची बांधाबांध सुरू झाली असती. आणि पुढच्या पंधरवड्यात साथीने आपले सगळ्यात जास्त बळी घेतले. मग ही एक लाट की दोन? खाच किती खोल गेली म्हणजे तिला दरी म्हणायचं? सगळा व्याख्येचा प्रश्न या दोन ठिपक्यांत साठलेला आहे. शहराचा एक आकडा म्हणजे शेवटी वाड्यावाड्यांची बेरीज. एका वस्तीत उतार लागला असेल आणि दुसरीत अजून चढ असेल तर बेरजेत अशी खाच पडू शकते. माझा कौल एकाच लाटेच्या बाजूने आहे, कारण सातशे ही काही तळाची संख्या नव्हे आणि उतार टिकला नाही. पण हा कौल मी पुढचे ठिपके बघून देतो आहे. अठराव्या आठवड्यात उभं राहून तो देता आला नसता.

खरी दरी कशी असते ते बघायचं तर बारा वर्षं पुढे जावं लागतं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेल्या पोलीस शिपायांना ताप आला आणि तिथून इन्फ्लुएन्झाची पहिली लाट शहरात पसरली. जुलैत ती ओसरली. सप्टेंबरात ती परत आली ती फार मारक होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. प्लेगच्या आलेखात माथ्याच्या जवळ एका आठवड्याला जेवढी माणसं गेली तेवढी इथे एका दिवसात. मधल्या दरीबद्दल इथे वाद होऊ शकत नाही, म्हणून १९१८ च्या दोन लाटा आपण डोळे मिटून दोन म्हणतो.

रेघ काढणारी माणसं कोण होती हे कळल्यावर हा आलेख मला आणखी जवळचा झाला. अँडरसन मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १९२० साली तो मायदेशी परतला आणि एडिंबरोला प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. विल्यम केरमॅक तिथला तरुण रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोग करताना स्फोट झाला, दाहक अल्कली डोळ्यांत गेलं आणि सव्विसाव्या वर्षी त्याची दृष्टी कायमची गेली. मुंबईचा हा आलेख छापून आला तेव्हा त्या अंधाराला तीन वर्षं झाली होती. जगभरच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली ही रेघ तिच्या एका जनकाने कधीच पाहिली नाही. तिचा चढ-उतार त्याला समीकरणातूनच ठाऊक होता.

या दोघांच्या सचोटीला मी मनापासून दाद देतो. आलेखासोबतच त्यांनी आपण काय काय गृहीत धरलं आहे ते एकेक करून लिहिलं. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी आहे, पिसवा इतक्या आहेत की उंदरामागे उंदीर सरळ लागण होते असंच समजावं, सगळे दर साथभर तेच राहिले. आणि मग सांगून टाकलं की यातलं एकही गृहीत काटेकोरपणे खरं नाही, म्हणून हे आकडे ढोबळ मानावेत आणि त्यांवरून फार निष्कर्ष काढू नयेत. रेघ इतकी छान बसलेली असताना असं लिहायला छाती लागते. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच होतं. साथ संपते ती सगळी माणसं आजारी पडून संपली म्हणून नव्हे. लागण होऊ शकेल अशी माणसं एका मर्यादेखाली आली की, बरीच शिल्लक असतानाही, ती विझते. माळशेजच्या बाजूला फाल्गुनात वणवा लागतो तेव्हा हे दिसतं. गवत पुरतं संपण्याआधीच तो विझतो, मधूनमधून हिरवे-पिवळे पट्टे तसेच उभे राहतात. गवत विरळ झालं, एका काडीची आग दुसरीपर्यंत पोचेना, एवढं पुरतं.

ठिपके ज्यांच्या नोंदींमधून आले त्यांचंही ऋण आहे. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाची माणसं परळच्या प्रयोगशाळेत रोज मेलेल्या उंदरांचे ढीग तपासत होती. त्यांना दिसलं ते थक्क करणारं आहे. आधी गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरांत साथ पसरे. सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. म्हणजे आलेखात जी लाट आपण पाहतो ती तिसरी आहे. तिच्या आधीच्या दोन लाटा जमिनीखाली आणि कौलांखाली येऊन गेलेल्या असत.

आपल्या खेड्यांतल्या लोकांना हे आयोगाआधीच कळलं होतं. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द त्या काळी पुरेसे असत. घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव घरं सोडून रानात झोपड्या घालायचा, आणि उंदीर पडायचे थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी परतायचा. लाट कधी सुरू झाली म्हणायचं याची त्यांची व्याख्या माणसाच्या मरणाची वाट बघत नव्हती. साथीच्या इतिहासात ही व्याख्या मी फार मोलाची मानतो. ती सोपी आहे, वेळेत कळणारी आहे आणि तिच्यावर लगेच काहीतरी करता येतं.

आलेखातला सगळ्यात मोठा दोष मात्र चित्रात दिसत नाही, चौकटीत आहे. मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो वर चढे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. १९०५-०६ हा मुंबईचा प्लेगचा दहावा हंगाम. त्या माळेतला एक मणी ओढून काढला, दोन्ही बाजूंनी दोरा कापला, आणि तो एकटा ठेवला. मग वाटतं की ही साथ आपल्या आतल्या नियमाने उगवली आणि आपल्याच नियमाने मावळली. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हाच मुद्दा धरून दाखवलं की ऋतू हिशेबात घेतल्याशिवाय मुंबईचा प्लेग समजत नाही. हवा बदलली की पिसवांचं मान बदलतं आणि साथ त्यामागून जाते. लाट ओसरली त्यात गवत विरळ होण्यापेक्षा ऋतूचा हात मोठा होता.

आणि इथे मला एक योगायोग फार चटका लावतो. हा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला सर गिल्बर्ट वॉकर यांनी. तेच वॉकर, जे १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षं भारतीय वेधशाळांचे प्रमुख होते आणि मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी ज्यांनी सगळ्या जगाच्या हवेचे आकडे एकत्र मांडले. आपल्या ऋतूंचं गणित त्या काळात ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं त्याच्या हातून हा निबंध पुढे गेला, आणि त्यात उणीव होती ती ऋतूचीच.

चौकट किती फसवते ते आम्ही म्हशात पाहिलं. २०२० ची पौष पौर्णिमा पुन्हा १० जानेवारीलाच आली होती. म्हसोबाची जत्रा दरवर्षीसारखी भरली, बैल आले, घोंगड्या आल्या, पाळणे फिरले. दोन महिन्यांनी, ९ मार्चला, राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. पुढची पौष पौर्णिमा २८ जानेवारी २०२१ ची. जत्रा रद्द झाली. सप्टेंबरात दिवसाला चोवीस हजारांवर गेलेले राज्याचे रुग्ण तेव्हा दोन-तीन हजारांवर आले होते, आणि पारावर एकच बोलणं होतं, करोना गेला, मग जत्रा का बंद? मलाही ते पटत होतं. व्यापाऱ्यांनी वर्षभर बैल पोसले होते. आम्ही सगळे वशिंड बघत होतो. बावीस फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. आमची जत्रा रद्द झाली होती ती बरोबर दरीच्या तळाशी. त्यानंतरची पौष पौर्णिमा १७ जानेवारी २०२२, तेव्हाही जत्रा नाही. पण त्या वेळी कुणी कारण विचारलं नाही, कारण ओमायक्रॉनची लाट माथ्याजवळ होती आणि दिसत होती.

आमची स्वतःची लाट मात्र कुठल्याच आलेखात नाही. राज्याच्या रोजच्या तक्त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर या महापालिकांच्या वेगवेगळ्या ओळी असत, आणि एक ओळ नुसती ‘ठाणे’ म्हणून. मुरबाड, शहापूर, त्यांचे सगळे पाडे त्या एका ओळीत, अंबरनाथ-बदलापूरसारख्या भरगच्च शहरांसोबत. त्या ओळीत म्हसा शोधणं म्हणजे समुद्रात ओढ्याचं पाणी शोधणं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनांत, आळीत तापाची घरं किती ते लिहायला लागलो. तपासणी फार थोड्यांची झाली, ताप मात्र घराघरांत होता. टीव्हीवर मुंबईची रेघ उतरायला लागली तेव्हा आमच्या चौकोनांतले आकडे चढत होते. पेन्सिलीचे ते आकडे अजून आहेत. त्यांतून रेघ निघत नाही, इतके ते थोडे आहेत. पण उंदीर पडल्याची जी खूण लोक ठेवत तशी ती एक खूण आहे.

तक्त्यांचे ठिपकेही जपून वाचावे लागतात. १६ जून २०२० ला राज्याच्या आकड्यांत आधी नोंद न झालेले १,३२८ मृत्यू एकदम मिळवले गेले. आलेखावर त्या दिवशी सुळका उभा राहिला, पण ती माणसं त्या दिवशी गेलेली नव्हती. ठिपका मरणाच्या तारखेचा आहे की नोंदीच्या तारखेचा, हे विचारल्याशिवाय त्यातून रेघ ओढू नये. केरमॅक-मॅकेन्ड्रिकच्या आलेखातले ठिपके आठवड्याचे आहेत, त्यामुळे रविवारची सुस्ती आणि सोमवारची भर त्यात आपोआप मिसळून जाते. म्हणूनच ती खाच मला खरी वाटते. दोन सलग आठवडे टिकलेली घट एखाद्या दिवसाच्या चुकीची नसते.

आता शेवटचं टोक, ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो. उजवीकडे रेघ वीसच्या खाली येऊन जमिनीला टेकू पाहते. ठिपके तिच्याइतके खाली येत नाहीत. ते तिच्या वर, थोडे अंतर राखून, एकामागे एक चालत राहतात. पन्नास, पन्नास, चाळीसच्या आसपास, मग आणखी थोडे कमी. मग कागद संपतो. २१ जुलै १९०६ ला संपलेल्या त्या शेवटच्या आठवड्यात मुंबई बेटावर प्लेगने सुमारे तेहतीस माणसं मेली होती, म्हणजे जत्रेच्या आठवड्यात मेली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट.